अकरा नंबरचा डावा हात

कलशेट्टी गणवेश कारखान्यातली पहिली चोरी मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी उघडकीला आली. चोर अकरा नंबरचं यंत्र होतं. शेजारच्या बारा नंबरच्या टेबलावरून त्याने कॉलर न लावलेले दोन शर्ट उचलले होते.

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या या कारखान्यात शाळांचे गणवेश शिवतात. मार्च महिना चालू होता, जूनच्या आत सत्तर शाळांचा माल द्यायचा होता आणि यंत्रांची नवी लाइन सुरू होऊन चौथा दिवस होता. पूर्वी जिथे चाळीस बायका बसत तिथे शिलाई मशिनी त्याच चाळीस होत्या, पण आता प्रत्येकीपुढे पोलादी दांड्यावर बसवलेले दोन हात होते आणि वर एक कॅमेरा. लाइनवर नजर ठेवायला बारा बायका उरल्या होत्या. त्यांना निळे कोट मिळाले होते आणि निरीक्षक असं नाव.

चोरी पकडली ती त्यांच्यातल्या महादेवी बिराजदारने. वय त्रेपन्न, शेळगीत घर, कॉलर लावण्याचा सव्वीस वर्षांचा अनुभव. अकरा आणि बारा या दोन्ही जागा कॉलरच्याच होत्या, कारण शर्टात सगळ्यात सावकाश होणारं काम तेच. लाइन सुरू होण्याआधी बारा नंबरवर महादेवी स्वतः बसत असे.

"मॅडम, बाराच्या मशीननं वीस कॉलर लावल्या म्हणून पडद्यावर दिसतंय. ट्रेमध्ये बावीस शर्ट आहेत."

केतकी भालेराव ही यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर. पुण्याहून आली होती आणि चार दिवस नीट जेवली नव्हती. तिने दोनदा मोजलं.

"दोन आले कुठून?"

"अकरानं बाराचे चोरले. शिवले. परत बाराच्याच ट्रेमध्ये टाकले," महादेवी म्हणाली. "चोर चांगल्या घरचा दिसतोय की."

केतकीला हसू आलं नाही. यंत्राने न सांगितलेलं काम करणं ही तिच्या लेखी गंभीर गोष्ट होती.

हे यंत्र कसं शिकलं ते इथे सांगायला हवं. लोखंडी पत्रा कसाही उचलला तरी त्याचा आकार बदलत नाही, म्हणून मोटारी जोडणारी यंत्रं केव्हाच आली. कापडाचं तसं नसतं. एकच शर्ट शंभर वेळा उचलला तर तो शंभर तऱ्हांनी लोंबतो. टेरीकॉटचे दोन थर घर्षणाने एकमेकांना चिकटतात, गोलाईवर ओढलं की ताणतात, सैल सोडलं की चुणी पडते. कापड तात्पुरतं खळ लावून पुठ्ठ्यासारखं ताठ करायचे प्रयोगही झाले. पण नेमकी कुठली हालचाल करायची याची यादी कुणालाच लिहून देता आली नाही, कारण शिवणारीलाही ती सांगता येत नाही. तिची बोटं ती करतात.

म्हणून केतकीच्या कंपनीने यादी करण्याचा नाद सोडला. आठ महिने चाळीस बायकांनी पातळ हातमोजे घालून नेहमीचं काम केलं. बोटांच्या टोकांशी केसाएवढे तंतू होते. किती दाब, किती ताण, कुठल्या दिशेला, हे ते सेकंदाला दोनशे वेळा टिपत. वरचा कॅमेरा कापड पाहत असे. या नोंदींवरून यंत्राला एकच गोष्ट शिकवली गेली: कापड असं दिसत असेल, बोटांना असं लागत असेल, तर पुढच्या क्षणी हा हात काय करेल? अकरा नंबरचं यंत्र अकरा नंबरच्या जागेवरच्या नोंदींवर शिकलं, बाराचं बाराच्या. कॉलर म्हणजे काय, शाळा म्हणजे काय, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. बसणारीचा हात जसा चालायचा तसा ती चालवत.

हातमोज्यांमुळे एक कुरबुर झाली होती. बांगड्या काढून बसा, असा नियम निघाला, कारण बांगड्यांच्या धक्क्याने नोंदी बिघडत. बायकांनी दोन दिवस ऐकलं नाही. मग मनगटाला हळदीचा दोरा बांधून बांगड्या डब्याच्या पिशवीत ठेवू लागल्या. एरवी किणकिणणारी लाइन आठ महिने मुकी झाली.

नोंदी पूर्ण झाल्यावर, ठरल्याप्रमाणे, ज्यांचं काम सगळ्यात जास्त भरलं त्या बाराजणींची यादी दारावर लागली. बाकी अठ्ठावीस जणींना निरोप दिला गेला. महादेवी यादीत नववी होती. अकरा नंबरवर बसणारी स्वरूपा वनगारी यादीत नव्हती.

स्वरूपाला हे काम महादेवीनेच शिकवलं होतं, त्यामुळे यादी पाहून महादेवीला राग आला होता. "हात चांगला आहे तुझा," सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "पण आठ महिने लक्ष कुठं होतं गं? माझा अंगठा बधिर, तरी मी काम भरलं."

स्वरूपा नुसती हसली होती. आपली कात्री पिशवीत टाकून ती गेली, त्याला चार महिने झाले होते.

मंगळवारी दुपारपर्यंत अकरा नंबरने सहा वेळा चोरी केली. मालक श्रीशैल कलशेट्टी स्वतः लाइनवर आले.

"मधे भिंत घाला," ते म्हणाले.

"खरी भिंत नको. अकराच्या डाव्या हाताला एक हद्द घालून देता येईल, तिच्या पलीकडे तो जाणार नाही," केतकी म्हणाली. "पण आधी कारण कळू दे. शुक्रवारी सकाळी करते."

"कारण निरीक्षक लिहितील." ते महादेवीकडे वळले. "अक्का, अहवाल तुमच्या सहीने द्या."

अहवालाचा फॉर्म एका पानाचा होता. त्यात 'कारण' असा एक रकाना होता.

बुधवारी सकाळी महादेवी स्टूल घेऊन अकरासमोर बसली. दोन तासांत तिच्या लक्षात आलं की यंत्र वाटेल तेव्हा चोरत नाही. बाराच्या हाताला कापड धरायला जो चिमटा होता त्याची रबरी गादी सोमवारपासून झिजली होती. तो कापड दोनदा-तीनदा धरायचा आणि मागे पडायचा. बाराचा गठ्ठा साचला की अकराचा डावा हात थांबायचा, मग पलीकडे जायचा. तिने बाराची गादी बदलून घेतली. चोरी बंद झाली. जुनी गादी परत बसवायला लावली. वीस मिनिटांत पुन्हा सुरू.

दर वेळी दोनच शर्ट. तीन कधीच नाहीत.

महादेवी स्टुलावरून उठली आणि पुन्हा बसली.

लाइनमध्ये एक रीत होती. तिला नाव नव्हतं. शेजारणीचं काम साचलं की तिच्या गठ्ठ्यातले दोन पीस ओढायचे, शिवायचे आणि तिच्याच ट्रेमध्ये टाकायचे. दोनच, म्हणजे डोळ्यावर येत नाही. ओढणारीने बोलायचं नाही, आणि जिचं काम ओढलं तिने तिकडे बघायचं नाही. ही रीत नवशिक्या पोरींसाठी, घरी आजारपण असलेल्या बायकांसाठी असते, असं महादेवी धरून चालली होती. आपल्यासाठी कुणी ती पाळत असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मॅडम, स्वरूपाच्या नोंदीतली चित्रं आहेत का अजून? मला बघायची आहेत. सकाळी अकराच्या सुमाराची."

केतकीने लावून दिली. पडद्यावर हातमोजे घातलेले दोन हात, निळा शर्ट, कॉलर. चौकटीच्या डाव्या कडेला शेजारच्या खुर्चीची अर्धी पाठ आणि तिथल्या गठ्ठ्याची कड दिसत होती. खुर्ची रिकामी होती. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं.

त्या वेळी ती कुठे असायची हे महादेवीला माहीत होतं. मनगटातली नस दबल्याने तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं बधिर होत. सकाळी अकराला आणि दुपारी साडेतीनला ती चहाच्या खोलीत जाऊन घमेल्यात गरम पाणी ओतायची आणि हात बुडवून उभी राहायची. लाइनवर सांगायची, चहाला जाते.

पडद्यावरचा डावा हात चौकटीबाहेर गेला आणि दोन शर्ट घेऊन परत आला.

"दुसरा दिवस लावा."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिने पाच दिवस पाहिले, वेगवेगळ्या महिन्यांतले. सहावा लागत असताना ती म्हणाली, "पुरे."

"नोंदी साफ करताना आम्ही हे पाहिलं होतं," केतकी म्हणाली. "आम्हाला वाटलं, या बाईंचा दुसरा गठ्ठा डाव्या बाजूला ठेवलेला असतो."

"दुसरा गठ्ठा माझा होता."

केतकीला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तिने पडद्यावर बाराजणींची यादी उघडून नववं नाव पाहिलं.

"शुक्रवारी मी हद्द घातली की हे दिसणार नाही," ती एवढंच म्हणाली. "रकान्यात यंत्रदोष लिहिलंत तरी चालेल, अक्का. खोटं ठरणार नाही."

संध्याकाळी सहाला महादेवी विडी घरकुल वसाहतीत स्वरूपाच्या दारात उभी होती. स्वरूपा उंबऱ्याशी बसून एका ब्लाउजला हूक लावत होती.

"अगं बाई! अक्का! चार महिन्यांनी सापडली व्हय वाट?"

"तक्रार घेऊन आले. तुझं यंत्र चोऱ्या करतंय."

"माझं कुठलं आलं यंत्र?"

"अकरा नंबरचं. माझ्या जागेवरचे शर्ट ओढतंय. डाव्या हातानं. दोन दोन."

स्वरूपाची सुई थांबली. मग तिला हसू आलं. तोंडाला पदर लावूनही आवरेना.

"मेलं ते बी शिकलं? मी तर मॅडमच्या कॅमेऱ्याला चुकवून करत होते!"

"हसतेस काय? तुझी जागा गेली."

"गेली तर गेली."

"माझ्यामुळं गेली. तुझं काम माझ्या ट्रेमध्ये पडत होतं आणि मी चारचौघींत तुला लक्ष नाही म्हणाले." महादेवी खाली बसली. "तेव्हा तरी तोंड उघडायचंस."

"ते बोलायचं नसतं की, अक्का. तुमीच शिकवलंय."

"मी कधी शिकवलं?"

स्वरूपाने ब्लाउज बाजूला ठेवला.

"पल्लवी दोन महिन्यांची असताना मी कामावर आले. रात्रभर ती रडायची, दिवसा मी मशीनवर डुलक्या खायची. सुपरवायझर म्हणायचा, पंधरा दिवस बघतो, न्हाईतर घरी बस. तवा तुमी माझ्या उजवीकडं होता. माझ्या ट्रेमध्ये रोज शर्ट जास्ती निघायचे. मी तिकडं बघत नव्हते. पण तुमच्या बांगड्या वाजायच्या, अक्का. डाव्या हातातल्या. मशीनच्या आवाजात बी कळायच्या."

"मला नाही आठवत."

"मला आठवतंय ना."

महादेवीने खरंच आठवून पाहिलं. चोवीस वर्षांपूर्वीचं होतं. पेंगणारी एक बारीक पोरगी आठवली, शर्ट आठवले नाहीत. आपल्याला काही ऐकू का आलं नाही, हे मात्र तिला आता कळलं. ते आठ महिने स्वरूपाच्या हातात बांगड्या नव्हत्या.

"उद्या अहवाल द्यायचाय," ती म्हणाली. "कारण लिहायचंय."

स्वरूपाचा चेहरा बदलला. "काय लिहिणार तुमी?"

"जे आहे ते."

"डोकं फिरलंय का? मेमध्ये तुमच्या हाताचं ऑपरेशन. कामावर नाव हाय म्हणून विमा हाय. नाव गेलं की कोण करणार ऑपरेशन? तो हात असाच वाळवणार?"

"आणि तू हूक लावत बसणार?"

"मला जमतंय की. पल्लवीचं नर्सिंग सहा महिन्यांत संपतंय. अक्का, मी एवढं शिवलं ते काय तुमी कागदावर लिहून घालवायला?"

महादेवीने समोरचा चहा उचलला. चहा पिऊन ती निघाली. स्वरूपा रिक्षापर्यंत सोबत आली आणि रिक्षा सुटेपर्यंत एकच सांगत राहिली: यंत्रदोष लिहा.

गुरुवारी साडेदहाला महादेवीने फॉर्म भरला. अंगठ्यात पेन धरवत नव्हता, म्हणून तिचं अक्षर मोठं आणि तिरकं आलं. 'कारण' या रकान्यात तिने लिहिलं: "यंत्र बरोबर आहे. या जागेवर बसणारी स्वरूपा वनगारी आठ महिने माझं राहिलेलं काम शिवत होती. यंत्र तेच शिकलं. माझं नाव यादीत तिच्या कामावर आलं आहे."

मालकांनी ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

"अक्का, हे लिहायची काय गरज होती? यंत्रदोष लिहिलं असतं तर मी सही केली असती."

"केली असती. पण फॉर्मवर कारण विचारलंय."

"याचा अर्थ काय होतो, कळतंय ना?"

"कळतंय. माझ्या जागी तिला घ्या. कोट धुऊन आणलाय." तिने निळा कोट घडी करून टेबलावर ठेवला.

केतकी दाराशी उभी होती. तिच्या हातात एक कागद होता.

"सर, त्या आधी हे बघा. सोमवारी दुपारी बाराचं यंत्र मागे पडायला लागलं. आपली लाइन साखळीसारखी आहे. एक जागा मागे पडली की तिच्यापुढच्या सगळ्या रिकाम्या बसतात. बाराच्या मानाने मंगळवारचा माल सातव्या हिश्शाने कमी यायला हवा होता. तो एका शर्टानेही कमी आला नाही."

"म्हणजे?"

"अकराने सांभाळून घेतलं. आम्ही तीन वर्षं यावर डोकं खाजवतोय, की एक यंत्र अडखळलं तर बाकीच्यांनी काय करायचं. हद्द घालायची नाही, सर. हे सगळ्या चाळीस यंत्रांना शिकवायचंय."

"मग शिकवा."

"त्यासाठी नव्या नोंदी लागतील. शेजारशेजारच्या दोन जागांच्या, दोन्ही कॅमेरे एकमेकांना जोडून. मदत कधी करायची हे कळायला मदत करणारीचा हात लागतो, तसाच जिला मदत लागते तिचाही लागतो. नाटक करून चालणार नाही. मुद्दाम सावकाश केलेलं काम आणि खरं अडखळणारं काम यांत बोटांचा दाब वेगळा येतो." ती महादेवीकडे वळली. "अक्का, एक अडचण आहे. हे तुमच्या ऑपरेशनच्या आत करावं लागेल."

"बघा मालक," महादेवी म्हणाली, "आता माझं दुखणं बी कामाला लावतायत ह्या."

कलशेट्टी हिशेबी माणूस होते. त्यांनी यंत्रांच्या कराराची फाइल मागवली आणि एक कलम बोटाने दाखवलं: लाइन सुरू झाल्यावर नव्या नोंदी देणाऱ्या कामगाराचं नाव नोंदींपासून तीन वर्षं हजेरीपटावर राहील. मग कोट महादेवीकडे सरकवला.

"वनगारींना निरोप पाठवा. आणि अक्का, हा अहवाल फाइलला लागेल. तुम्ही लिहिलाय तसाच."

"लागू द्या."

उरलेल्या सत्तावीस जणींना या घडामोडीतून काही मिळालं नाही. काही दुसऱ्या कारखान्यात लागल्या होत्या, काही घरी होत्या. महादेवीने त्यांची नावं एका कागदावर लिहून केतकीकडे दिली. पुढच्या नोंदींना जोड्या लागतील तेव्हा यातूनच बोलवा, असं तिने सांगितलं. कागद अजून केतकीच्या ड्रॉवरमध्ये आहे. पैकी चौघी आतापर्यंत येऊन बसल्या आहेत.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी अकरा आणि बारा नंबरची यंत्रं बाजूला सरकवून दोन जुन्या खुर्च्या लावल्या. महादेवी आणि स्वरूपाने बांगड्या पिशवीत ठेवल्या, मनगटाला दोरे बांधले, हातमोजे चढवले. निरीक्षक बायका बघायला जमल्या.

पहिला तासभर काहीच घडलं नाही. महादेवी इतकी भरभर शिवत होती की तिचा गठ्ठा साचतच नव्हता.

"अक्का, आपल्याला नेहमीसारखं हवंय," केतकी म्हणाली.

"नेहमीसारखंच चाललंय."

"जिद्द बघा म्हातारीची," स्वरूपा कॉलरवरून नजर न उचलता म्हणाली. "ओठ चावून शिवतीया."

"तू तुझं बघ."

पण अंगठ्याने व्हायचं तेच केलं. पावणेअकराला महादेवीच्या हातून कॉलर निसटली, दोरा तुटला, पुन्हा ओवायला तीन खेपा लागल्या. गठ्ठा साचू लागला. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला स्वरूपाचा डावा हात दिसला. तो टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि थबकला. महादेवी त्याच्याकडे बघत होती, म्हणून तो थबकला होता.

तिने मान वळवली. मग मशीन बंद करून ती उठली.

"चहाला जाते," ती म्हणाली.

चहाच्या खोलीत घमेलं होतं, गॅसवर पाणी होतं. तिने पाणी ओतलं, हातमोजा उतरवून हात बुडवला. त्या दिवशी हात फारसा दुखत नव्हता. दार उघडं होतं आणि लाइनवरच्या सगळ्या आवाजांतून अकरा नंबरची मशीन तिला वेगळी ओळखू येत होती. कॉलरच्या सरळ कडेवर ती सलग धावे, गोलाईवर मंद होई, टोकाशी थांबे. दोन कॉलर लावायला किती वेळ लागतो हे महादेवीला सव्वीस वर्षांत पाठ झालं होतं.

शर्ट परत ट्रेमध्ये टाकायलाही वेळ हवा, म्हणून ती तीन कॉलरांएवढा वेळ थांबली.